दारू सोडली ती कोणी?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात तीनच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली, कारण ते लिहिणाऱ्या माणसाची झोप उडाली आहे, आणि त्याची झोप उडणं धोक्याचं आहे.

प्रश्न : सप्रेम जय भीम, ताई. मी बोपोडीला राहतो. वय ४७, टेम्पो दुरुस्तीचं काम करतो. दारू बंद करून चौदा महिने झाले. पगार बायकोच्या हातात देतो, घरी यायची वाट बदलली आहे. आठवड्यातून दोनदा अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जातो. मीटिंग एका चर्चच्या आवारातल्या खोलीत भरते. चर्चचा तिच्याशी संबंध नाही, खोली फक्त वापरायला दिली आहे. पण माझे स्पॉन्सर, म्हणजे मला धरून ठेवणारे जुने मेंबर, ख्रिस्ती आहेत. रेल्वेतून रिटायर झालेत, त्यांची दारू सुटून बावीस वर्षं झाली. ते म्हणतात, आमच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी नुसती तोंडाने म्हणू नकोस, मनापासून घे : दारूपुढे माझं काही चालत नाही. आणि तिसऱ्या पायरीला आपली इच्छा देवाच्या हवाली करायची.

माझे थोरले भाऊ विहाराच्या कमिटीवर आहेत. मी प्यायचो तेव्हा रात्री-अपरात्री मला रिक्षात घालून घरी आणणारे तेच. त्यांना हे पटत नाही. म्हणतात, ‘बाबासाहेबांनी आपल्याला ताठ उभं राहायला शिकवलं. अत्त दीप भव, स्वतःच स्वतःचा दिवा हो, म्हणतो आपण, आणि तू माझं काही चालत नाही म्हणून सांगत फिरतोस?’ गेल्या रविवारी स्पॉन्सर घरी आले आणि दोघांची गाठ पडली. दोन तास वाद झाला. स्पॉन्सर म्हणाले, ‘तुमच्याकडे “मी” नाहीच म्हणता, मग सोडली ती कोणी?’ भाऊ म्हणाले, ‘तुमच्या देवाने सोडवली, तर चौदा महिने घाम कोणी गाळला?’ दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते. ते गेल्यावर मी गच्चीवर बसून राहिलो. तेव्हापासून झोप नाही. ताई, खरं काय ते सांगा. सोडली ती कोणी?
एक वाचक, बोपोडी

उत्तर : जय भीम, दादा. आधी एक काम करा. हे वाचून झालं की स्पॉन्सरना फोन करा आणि ‘मला झोप लागत नाही’ एवढंच सांगा. वादाचा विषय काढू नका. लागोपाठच्या जागरणांनी काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि पुढची मीटिंग चुकवू नका. भाऊ रागावले तरी जा.

आता तुमचा प्रश्न. मी तो वर्गात पुस्तकातून शिकवला, पण त्याच्या कितीतरी आधी तो आमच्या घरात राहायला आला होता.

माझे वडील खडकीला कारखान्यात लेथवर होते. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या गर्दीत ते उभे होते. त्यामुळे आमच्या चाळीत त्या तारखेला दोन सण असायचे. शेजारच्या खोलीत नगरकडच्या एक ख्रिस्ती नर्सबाई राहायच्या, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्यांच्या दारावर कागदाचा तारा, आमच्या दारावर पंचरंगी ध्वज. करंज्या त्यांच्याकडून आमच्याकडे यायच्या, खीर आमच्याकडून त्यांच्याकडे जायची.

वडील प्यायचे. दर १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोसमोर ते दारू सोडायचे, आणि मे महिना कोरडा गेल्याचं मला आठवत नाही. पण त्यांच्या पिण्यापेक्षा मला आठवतात ते विहारात बसलेले वडील. पंचशील घेताना मी त्यांना खेटून बसायचे. पहिली चार शीलं ते खड्या आवाजात म्हणायचे. पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं, आलं की आवाज खाली जायचा. ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’ हा लांबलचक शब्द ओठांतल्या ओठांत, आणि शेवटचं ‘समादियामि’ तर ऐकूच यायचं नाही. बाकीच्यांचे हात सरळ जोडलेले असायचे. यांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली, नखं पांढरी पडेपर्यंत. थरथर दिसू नये म्हणून. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला वाटायचं, वडील शब्द विसरतात.

पुढे पाली शिकायला लागले आणि त्या ओळीपाशी पुन्हा आले. ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्यातलं एक पाऊल. बायबलमधल्या दहा आज्ञांमध्ये सांगणारा एक आहे आणि ऐकणारा एक आहे : खून करू नको, चोरी करू नको. पंचशिलात सांगणारा कोणीच नाही. ‘समादियामि’, मी अंगावर घेतो. क्रियापदाच्या शेवटी जो इवलासा ‘मि’ आहे, त्याच्यावर सगळा भार. माझ्या वडिलांना तो ‘मि’ उचलत नव्हता. सगळे शब्द त्यांना पाठ होते.

शेवटच्या आजारात मावशी ड्यूटी संपवून त्यांच्या उशाशी येऊन बसायच्या. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, ‘दादा, तुमच्यानं होत नाही हे देवाला कळतंय. मग होतंय, होतंय असं तुम्ही कुणाला सांगताय?’ वडील रडले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आई मात्र भडकली. मरणाऱ्या माणसाला बाटवायला निघाल्या, असं तिला वाटलं. तेव्हा मला आईचं पटलं होतं. आज दोघींचं पटतं.

कारण ‘माझं काही चालत नाही’ हे वाक्य धम्माच्या विरोधातलं नाही. तुमच्या भावांना हे माझ्यातर्फे सांगा. सारनाथला पाच भिक्खूंसमोर बुद्धांनी जे दुसरं प्रवचन दिलं, ते अनत्तलक्खण सुत्त. त्यातला पहिलाच मुद्दा हा आहे. भगवंत म्हणतात, हे रूप, हे शरीर, जर ‘मी’ असतं, तर ‘माझं रूप असं असो, असं नसो’ असं म्हणता आलं असतं. तसं म्हणता येत नाही, म्हणून ते ‘मी’ नाही. मग वेदना (म्हणजे सुखदुःखाची जाणीव), संज्ञा, संस्कार, विज्ञान, एकेक घेऊन तेच. माणूस म्हणजे हे पाच ढीग, पाच स्कंध. आपण ज्याला इच्छा, निश्चय, संकल्प म्हणतो ते चौथ्या ढिगात, संस्कारांत येतं. म्हणजे माझा निश्चयसुद्धा माझं ऐकेलच असं नाही. चौदा एप्रिलचा निश्चय वडिलांचाच होता आणि मे महिन्यातली तल्लफही वडिलांचीच. दोन्हींपैकी एकीलाही ‘माझं ऐक’ म्हणून ती ऐकत नव्हती. अनत्ता, म्हणजे ‘हे मी नाही’, हा शब्द आपण तत्त्वज्ञानाच्या फळीवर उंच ठेवून देतो. दारूच्या गुत्त्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला तो हाडामांसात कळतो.

आता तुमच्या स्पॉन्सरच्या घरात या. संत पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात म्हणतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि जे नको वाटतं तेच होतं. त्यानंतर चारशेहून कमी वर्षांत, ३८६ साली, मिलान शहरातल्या एका बागेत ऑगस्टीन, जो पुढे चर्चचा मोठा धर्मशास्त्रज्ञ झाला, हेच भोगत बसला होता. पुढे त्याने लिहून ठेवलं, त्याचा भाव असा : मन हाताला म्हणतं हल, हात लगेच हलतो. मन मनालाच म्हणतं हो, आणि मन हटून बसतं. वडिलांच्या अडकवलेल्या बोटांकडे मी आता पाहते तेव्हा मला ही ओळ आठवते.

इथपर्यंत दोघं एका वाटेने येतात. इथून पुढे वाटा फुटतात, आणि त्या फुटतात हे आपण मान्य करावं. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याने वाद मिटल्यासारखा वाटतो, पण दोघांचंही म्हणणं न ऐकता मिटतो.

पौल त्याच अध्यायात ओरडतो, मला यातून कोण सोडवील? त्याचा प्रश्न ‘कोण’ असा आहे आणि त्याला उत्तरही ‘कोण’ असंच मिळतं, येशू ख्रिस्त. इच्छा मोडली आहे, ती मोडणाऱ्यालाच दुरुस्त करता येत नाही, बाहेरून कोणीतरी हात द्यावा लागतो. त्या हाताला ते कृपा म्हणतात. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः केलेली प्रार्थना याच वळणाची आहे : हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. तिथे इच्छा पुसली जात नाही. एक इच्छा दुसऱ्या इच्छेपुढे वाकते. दोघं उरतात, बोलावणारा आणि बोलावलेला.

बुद्धांना हाच ‘कोण’ विचारला गेला होता. संयुत्त निकायात मोळियफग्गुन नावाचा भिक्खू विचारतो, भन्ते, तहान कोणाला लागते, तृष्णा करतो तो कोण? भगवंत म्हणतात, हा प्रश्नच नीट बसत नाही. असं विचार की कशामुळे तृष्णा होते. ‘कोण’ सोड, ‘कशामुळे’ धर. मग उत्तर येतं : वेदनेमुळे तृष्णा, स्पर्शामुळे वेदना. साखळी दिसते, आणि साखळी दिसली की कडी कुठे उघडायची तेही दिसतं.

तर दादा, बौद्ध म्हणून तुमच्या ‘सोडली ती कोणी?’ला माझं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पगार बायकोच्या हातात गेला. घरी यायची वाट बदलली. चर्चच्या आवारात एक खोली उघडी राहिली. बावीस वर्षं न प्यायलेला एक माणूस समोर बसला. भावांनी तुम्हाला रस्त्यावर सोडून दिलं नाही. आणि या सगळ्यांत तुमची चेतना, म्हणजे मनाने घेतलेला निर्णय, दर संध्याकाळी नव्याने उचललेला. ‘चेतनेलाच मी कर्म म्हणतो’ हे बुद्धवचन अंगुत्तर निकायात आहे, ते ‘मी नाहीच’ म्हणणाऱ्या धर्माचं वाक्य आहे हे विसरू नका. यांतला एकही धागा एकटा पुरला नसता.

म्हणून तुमच्या स्पॉन्सरनाही एक गोष्ट सांगा, आदराने. बुद्धांकडे एक ब्राह्मण आला आणि म्हणाला, माझं मत असं आहे की स्वतः करणाराही कोणी नाही आणि दुसरा करणाराही कोणी नाही. भगवंतांनी त्याला शाबासकी दिली नाही. म्हणाले, असं मत मी पाहिलंही नाही, ऐकलंही नाही. स्वतःच्या पायाने चालत येतोस, स्वतःच्या पायाने मागे जातोस, आणि करणारा नाही असं कसं म्हणतोस? मग त्यांनी ‘आरंभधातू’ हा शब्द वापरला. माणसात सुरुवात करण्याची शक्ती असते, ती प्रत्यक्ष दिसते. सगळं आधीच ठरलेलं आहे, प्रयत्नाने काही होत नाही, असं मक्खली गोसाल म्हणायचा. त्याच्या मताइतकी कडक टीका बुद्धांनी क्वचितच दुसऱ्या कोणावर केली असेल. कायमचा, न बदलणारा मालक नाकारणं वेगळं आणि पाऊल नाकारणं वेगळं. बाबासाहेबांनीही आत्मा नाकारला तो माणसाचे हात मोकळे व्हावेत म्हणूनच.

आणि भावांना सांगा की त्यांचा आक्षेप ख्रिस्ती लोकांना नवा नाही. पेलेजियस नावाचा साधू ऑगस्टीनच्या काळात जवळजवळ तेच म्हणत होता : माणसाने मनावर घेतलं तर तो चांगलं वागू शकतो, देवावर टाकून रिकामं होऊ नये. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याचं मत नाकारलं, पण वाद संपला नाही. १५२४ साली इरॅस्मस या विद्वानाने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं, पुढच्या वर्षी प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने त्याला उलट उत्तर लिहिलं. त्यानंतर ट्रेंटच्या धर्मसभेने कॅथलिकांसाठी सांगितलं की माणसाची इच्छा दुबळी झाली आहे, मेलेली नाही. तेव्हा ‘ख्रिस्ती लोक सगळं देवावर टाकतात’ असं एका वाक्यात म्हणता येणार नाही.

भावांच्या ‘अत्त दीप भव’बद्दलही थोडं. मूळ शब्द ‘अत्तदीपा विहरथ, अत्तसरणा, अनञ्ञसरणा’ असे आहेत, अखेरच्या दिवसांत आनंदाला सांगितलेले, आणि त्याला लागूनच ‘धम्मदीपा, धम्मसरणा’ येतं. पालीत ‘दीप’ म्हणजे दिवाही आणि बेटही. पुरात उभं राहायला मिळालेली कोरडी जागा, हा अर्थ मला तुमच्यासाठी जास्त जवळचा वाटतो. धम्मपदात १६० व्या गाथेत ‘अत्ता हि अत्तनो नाथो’ आहे, ती भावांना पाठ असेलच. तिची दुसरी ओळ सहसा कोणी म्हणत नाही. ‘अत्तना हि सुदन्तेन नाथं लभति दुल्लभं’ : चांगलं वळण लावलेल्या स्वतःकडूनच हा दुर्मीळ नाथ मिळतो. तो मिळवावा लागतो. आणि त्याच धम्मपदात ६२ वी गाथा म्हणते, ‘अत्ता हि अत्तनो नत्थि’, आपण स्वतःच स्वतःचे नाही, मग मुलं आणि धन कुठून आपलं? या दोन गाथा मी वर्गात फळ्यावर एकीखाली एक लिहायचे आणि तास संपेपर्यंत पुसायचे नाही. पहिली तुमच्या भावांची. दुसरी तुमची, गच्चीवर बसलेल्याची.

राहिली तिसरी पायरी. त्या पायरीतच ‘देव, जसा आम्हाला समजला तसा’ असे शब्द आहेत, ते याचसाठी घातलेले आहेत. जे तुम्ही मानत नाही ते तोंडाने म्हणू नका. खोटं बोलून मोकळं होण्याची सवय दारूनेच लावलेली असते, ती परत आणू नका. बाकीचे प्रार्थना म्हणतील तेव्हा तुम्ही मनात त्रिशरण म्हणा. ‘सरणं गच्छामि.’ तिथेही शेवटी ‘मि’ आहे, पण ‘समादियामि’च्या आधी येतो. आधी शरण जायचं, मग शील उचलायचं, हा क्रम आपल्याच विहारात रोज चालतो. माझ्या वडिलांनी त्रिशरण हजारदा म्हटलं असेल. ते जाणं आहे हे त्यांच्याजवळ बसून कोणी सांगितलं नाही, मीही नाही. मावशींनी तेच त्यांच्या भाषेत सांगितलं होतं.

एका बाबतीत ख्रिस्ती माणसाचा मला हेवा वाटतो. सुटका झाली की आभार कोणाचे मानायचे, हे त्याला ठाऊक असतं. कारणांच्या साखळीचे आभार मानता येत नाहीत. पण साखळीतल्या माणसांचे येतात, आणि आपल्याकडे कतञ्ञुता, केलेलं जाणणं, हे मंगलांत मोजलेलं आहे. दोघांना एकाच रविवारी जेवायला बोलवा. वादाला नाही. रिक्षात घालून आणणाऱ्याला आणि बावीस वर्षंवाल्याला बायकोसमोर सांगा की तुम्ही केलंत ते मला माहीत आहे. झोपेचं काय झालं ते मात्र मला जरूर कळवा.

प्रश्न : मी ख्रिस्ती आहे. नगर रस्त्यावर राहून धर्मशास्त्र शिकतो. बौद्ध मित्रांशी बोलताना एका जागी अडतो. देवाने मला नावाने हाक मारली आहे असं यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे. ‘मी’च नसेन तर हाक कोणाला? आणि आत्मा नसेल तर बौद्धांचा पुनर्जन्म कोणाचा?
एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुम्ही ज्या रस्त्यावर राहता तिथली पेपल सेमिनरी १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्याला आली. त्याच बेटावर, पानदुरा गावात, २६ आणि २८ ऑगस्ट १८७३ ला हजारो लोकांसमोर ख्रिस्ती आणि बौद्ध पक्षांचा जाहीर वाद झाला. रेव्हरंड डेव्हिड डी सिल्वा पहिले बोलायला उभे राहिले आणि त्यांनी काढला तो तुमचाच मुद्दा : आत्मा नाही म्हणता, मग केल्याचं फळ भोगतो कोण? मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरांनी त्याला उत्तर दिलं. त्या वादाची हकीकत वाचूनच थिऑसॉफिकल सोसायटीचे अमेरिकन संस्थापक कर्नल ऑल्कट १८८० मध्ये तिकडे गेले. तेव्हा अडण्याची जागा जुनी आहे.

पुनर्जन्माबद्दल मिलिंद राजाला नागसेनांनी दिलेलं उत्तर अजूनही मला सर्वांत स्वच्छ वाटतं. रात्रभर जळणारा दिवा. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग वेगळी का? तेही नाही. ‘न च सो, न च अञ्ञो.’ चालू राहणं आहे, पण आत न बदलणारा दगड नाही. कर्माचं फळ मिळायला चालू राहणं पुरतं.

पण तुमच्या प्रश्नातली खरी अडचण मला मराठी शब्दात दिसते. मराठी बायबलमध्ये ‘पवित्र आत्मा’ आहे. तो शब्द हिब्रूतल्या ‘रुआख’साठी आणि ग्रीकमधल्या ‘न्यूमा’साठी बसवला आहे. दोन्हींचा मुळातला अर्थ वारा, श्वास. आमचा मराठी बौद्ध ‘आत्मा’ ऐकतो तेव्हा त्याच्या कानात उपनिषदांतला आत्मा वाजतो : अजर, अमर, न बदलणारा. बुद्धांनी नाकारला तो हा. आणि बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस करतो, त्याच्या नाकात श्वास फुंकतो आणि माणूस ‘नेफेश’ होतो, म्हणजे जिवंत जीव होतो. तिथे माणसात जीव घातला असं म्हटलेलं नाही, माणूस जीव झाला असं म्हटलं आहे. श्वास काढून घेतला की माती. तुमच्या श्रद्धांगीकारातही, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीतही, शेवटी शरीराच्या पुनरुत्थानाची आशा आहे. ती पूर्णपणे देवावर अवलंबून आहे, आत कुठेतरी आपोआप अमर असलेल्या तुकड्यावर नाही. पुढे ग्रीक विचार मिसळला आणि अमर आत्म्याची भाषा रुळली, तो इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त शिकवला जाईल.

तेव्हा मित्रांशी बोलताना ‘आत्मा’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवून पाहा. ‘जीव’ म्हणा, ‘माणूस’ म्हणा. अर्धं भांडण जाईल. उरलेलं अर्धं मात्र खरं आहे, ते घालवू नका. तुमच्यासाठी माणूस म्हणजे ज्याला हाक मारली गेली तो, आणि त्याचं माणूसपण त्या हाकेत आहे. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पीक येतं, किंवा पौलाचं ‘आता मी जगत नाही, ख्रिस्त माझ्यात जगतो’, इतकं पुढे जाऊनही हाक मारणारा शिल्लक राहतो. आमच्याकडे मैत्रीभावना करताना आपण एकेका माणसाला आठवतो, आई, मित्र, शत्रू, आणि हळूहळू त्यांच्यातली कुंपणं काढतो. प्रेमाला समोर माणूस लागतोच. पण आमच्या साधनेत पुढे सरकावं तसा ‘प्रेम करणारा मी’ पातळ होत जातो, आणि ते आम्हाला नुकसान वाटत नाही. तुम्हाला ते नुकसान वाटेल. का वाटतं ते मित्रांना सांगा. मी तरी ते ऐकायला बसेन.

प्रश्न : आई गेली. ती दर पौर्णिमेला विहारात जायची. वहिनी ख्रिस्ती आहे, तिने आईचं शेवटपर्यंत सगळं केलं. पेपरातल्या निवेदनावर भाऊ ‘आत्म्यास चिरशांती लाभो’ लिहू म्हणतो, वहिनी ‘प्रभूमध्ये विसावली’ लिहू म्हणते. काय छापावं?
एक वाचक, दापोडी

उत्तर : ताई, निवेदन आईचं आहे, म्हणून त्यात आई जे मानायची ते छापा. ‘पुण्यानुमोदन’ हा शब्द, दिवस, वेळ, विहाराचा पत्ता, आणि तिचं नाव. भावाची ओळ तिच्या पंचशिलाला धरून नाही. वहिनीची ओळ मनापासून आली आहे, पण ती वहिनीच्या श्रद्धेची ओळ आहे, आईची नाही. तिला हे तुम्ही स्वतः, एकटीला भेटून सांगा, दिराने किंवा नवऱ्याने सांगू नये. तिला तिच्या प्रार्थना करू द्या, घरात, आईच्या खोलीत, तिला हवं तेव्हा. आणि ‘शोकाकुल’खाली नावं लिहाल तेव्हा तिचं नाव मुलांच्या ओळीत घ्या. सुना म्हणून वेगळी ओळ करू नका.

मजकूर कागदावर हाताने लिहून द्या. जाहिरात घेणाऱ्याकडे तयार साचा असतो आणि त्यात ‘आत्म्यास’ आधीच बसवलेलं असतं. छापायला जाण्याआधी प्रूफ मागून स्वतः वाचा.